सुतकी गाण्यांचा डीजे

त्याला सगळे सुळ्या म्हणत. खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं आणि तिथंच राहिलं. दिवसा तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. डॉक्टर लोक तोंडांचे ठसे पाठवत. हा त्यांत प्लास्टर ओतून जबडा काढी, मेणाची हिरडी बसवी, तिच्यात एकेक दात लावी, आणि मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून सगळं शिजवून काढी. उरल्यासुरल्या मालातून तो टोकदार सुळे करी आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी तळघरातल्या मंडळींना वाटी. ते सुळे लावले की माणसाला धड बोलता येत नसे, 'स'चा 'श' व्हायचा. पण हौसेला मोल नसतं.

हे तळघर म्हणजे सोफ्याच्या दुकानाचं जुनं गोदाम. मालकाने तिथे एक बार मांडला, धुराचं मशीन आणलं आणि भिंती काळ्या रंगवल्या, म्हणजे ओल दिसत नाही. महिन्यातून एकदा तिथे गॉथ नाइट भरायची. एरवी चारचौघांसारखी दिसणारी माणसं त्या संध्याकाळी काळे कपडे घालून, तोंडाला पांढरा रंग फासून, डोळ्यांत बोट बोट काजळ घालून जिना उतरून यायची. त्यात एक बँकेतला कॅशियर होता, दोन नर्सा होत्या, एक केस कापणारी होती. सुळ्या त्यांचा डीजे. गाणी ठरलेली असायची, म्हणजे जुनी, खर्जातली, कुणीतरी विहिरीत उतरून गातंय अशी. नाचही तसाच. दोन पावलं पुढे, दोन मागे, आणि हात असे की छताची जळमटं काढताहेत. कुणी कुणाशी बोलत नसे, कुणी हसत नसे. आणि सगळे मनातून इतके खूष असत की महिनाभर त्या एका संध्याकाळची वाट बघत.

सुळ्याची आई या गाण्यांना सुतकी गाणी म्हणायची. "लाव रे तुझी सुतकी गाणी, मला भाजी चिरायचीय," असं म्हणून ती खुर्ची ओढून बसे, आणि ऐकता ऐकता तिला हसू फुटे. हसताना ती तोंडावर हात धरायची. पुढचा एक दात लहानपणीच तुटला होता. सुळ्या लॅबमध्ये लागला त्या वर्षी त्याने तिला नवा दात करून दिला. रंग असा जुळवला की डॉक्टरलाही शोधावा लागला. पण हात काही खाली आला नाही. "सवय झाली रे," म्हणायची.

बाबा पाण्याचे मीटर वाचायच्या कामावर होते. उभ्या शहरात त्यांना ओळखत नाही असं घर नव्हतं. एखादं लग्न चुकलं तर त्यांना काही वाटत नसे, पण कुणाच्या घरी कुणी गेलं आणि बाबा समाचाराला गेले नाहीत, असं कधी झालं नाही. त्यांची एक पद्धत होती. आधी हळू आवाजात "कोण गेलं?" म्हणून नीट विचारून घ्यायचं, उगीच भलत्याच्या नावाने हळहळायचं नाही. मग समोरच्याचे दोन्ही हात हातात घ्यायचे आणि तो बोलेपर्यंत सोडायचे नाहीत. निघताना "दोन घास खाऊन घ्या" म्हणायचं. आई चिडवायची, "तुम्हाला बघितलं की लोक घाबरत असतील हो, आता कुणाची पाळी म्हणून."

मग बाबांचा विसर सुरू झाला. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. सुळ्याला त्यांचा अंदाज एका शब्दावरून येई. सकाळी ते त्याला 'तू' म्हणत, "तू चहा घेतलास का?" उन्हं कलली की त्यांची नजर बदले आणि ते विचारत, "तुम्ही चहा घेतलात का?" पोटचा मुलगा दिवसातून एकदा परका व्हायचा, तोही आदरार्थी. सुळ्या पहिल्यापासून त्यांना अहोजाहो करायचा, त्यामुळे संध्याकाळी दोघं एकमेकांशी बोलू लागले की वेटिंग रूममध्ये शेजारी बसलेले दोन सभ्य गृहस्थ वाटत.

अशातच आई गेली, ध्यानीमनी नसताना. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. लोक जमले तेव्हा बाबा सवयीने दाराशी उभे राहिले आणि आल्यागेल्याचे हात हातात घेऊ लागले. सुळ्या समोर आला तेव्हा त्यांनी त्याचेही हात धरले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं, आणि थांबून म्हणाले, "धीर धरा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझी आई कुठंय?" सुळ्याने खरं सांगितलं. बाबा लहान मुलासारखे रडले, आणि त्यांना सावरण्यात सुळ्याचं स्वतःचं रडणं राहूनच गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच रडणं, तितकंच नवं. तिसऱ्या वेळी त्यांनी बाथरूमच्या दारावर डोकं आपटून घेतलं. कपाळाला टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "आता सांगू नका. तुमच्यासाठी त्या एकदा गेल्या. यांच्यासाठी दर वेळी आजच जातात."

तेव्हापासून आई 'ताईकडे' गेलेली होती. ताई म्हणजे सुळ्याची थोरली बहीण, दूरच्या शहरात राहणारी. "कधी येणार?" असं बाबा विचारत आणि सुळ्या "येईल आठवड्याभरात" म्हणे. त्यामुळे त्या घरात आई मेलेलीच नव्हती. तिची चप्पल दाराशी तशीच, चष्मा खिडकीत तसाच. बाई गावाला गेलेल्या घरात रडायचं तरी कसं? सुळ्याला बाकी काही नको होतं. ती गेली हे बापलेकांनी मिळून एकदा तरी म्हणावं, शेजारी शेजारी बसून पोटभर रडावं, एवढंच हवं होतं. आणि तेवढंच त्याला मिळण्यासारखं नव्हतं. उरलं तळघर. तिथे हेडफोन लावून, धुराआड उभं राहून, खर्जातली गाणी लावताना त्याला कुणी 'चेहरा असा का?' म्हणून विचारत नसे. तिथे सगळ्यांचेच चेहरे तसे.

त्या शनिवारांना शेजारच्या काकू बाबांजवळ बसायच्या. त्या आपल्या मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या आणि सुळ्याची पंचाईत झाली. ताईचा फोन आला.

"एक शनिवार नाही गेलास तर आभाळ कोसळणार आहे का?"

"मग तू येतेस का एका शनिवारी?"

"मला इथलं सोडून कसं जमेल रे?" ताई म्हणाली. लांबून शहाणपण सांगायला काय जातंय, असं सुळ्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं, कारण तीही तिकडे एकटीच रडत असणार. बाबांना स्वेटर घातला, हात धरला आणि तो त्यांना सोबत घेऊन निघाला.

तळघरात त्याने आपल्या टेबलाशेजारी त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. बाबांनी सभोवार पाहिलं. अंधार, मंद दिवे, धूर, काळ्या कपड्यातली माणसं, पांढरेफटक चेहरे, डोळ्यांतून गालांवर ओघळलेलं काजळ, आणि सुतकी गाणी. ते उठून उभे राहिले. स्वेटरची बटणं लावली. सुळ्याच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही, बाबा. बसा तुम्ही."

पण त्या वेळी सुळ्याला गाणं बदलायचं होतं. एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात द्यायची वेळ म्हणजे पोळी तव्यावरून काढायची वेळ, त्यात मागे बघता येत नाही. त्याने वळून पाहिलं तेव्हा बाबा नाचणाऱ्यांच्या मधोमध उभे होते आणि त्यांनी कॅशियरचे दोन्ही हात हातात धरले होते. कॅशियर सहा फुटी, कानात कड्या, गळ्यात साखळदंड. तो काय ऐकत होता कुणास ठाऊक, पण मान खाली घालून ऐकत होता. मग बाबा एका नर्सकडे गेले. मग दुसरीकडे.

सुळ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गाणं संपल्यावर कॅशियर टेबलापाशी आला आणि सुळे काढून म्हणाला, "माझा भाऊ गेला तेव्हा असं कुणी हात धरून उभं राहिलं नव्हतं रे." पुढच्या महिन्यात लोक बाबांची वाट बघत होते. केस कापणारीने त्यांच्यासाठी काळा मफलर आणला. "कोण गेलं?" विचारलं की कुणी आपली आजी सांगे, कुणी मित्र, एका पोरीने कुत्र्याचं नाव सांगितलं आणि बाबा कुत्र्यासाठीही तितकेच हळहळले. सगळ्या तळघरात त्यांना खोटं उत्तर देणारा एकच माणूस होता. "कुणी नाही, बाबा," तो दर वेळी म्हणायचा.

घोटाळा केला तो चेटकिणीने. चेटकीण हे तिथलं नाव. एरवी ती बालवाडीत बाई होती आणि दिवसभर पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायची. मनाने लोणी. त्या संध्याकाळी ती बर्फाचा ग्लास धरून भिंतीला टेकली होती. बाबांनी "कोण गेलं?" म्हणून विचारलं, आणि तिला थट्टा सुचली. मान एका खांद्यावर टाकून ती म्हणाली, "मीच गेले, आजोबा."

आजूबाजूचे हसले. बाबांनी तिचे हात हातात घेतले. ते बर्फाने गार पडलेले होते. बाबांनी तिच्या पांढऱ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा हातांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा कोसळला. "एवढीशी पोर," ते म्हणाले आणि जमिनीवर बसले. चेटकीण घाबरून "आजोबा, मी आहे, मी आहे" म्हणत त्यांना उठवू लागली तसे ते जास्तच रडू लागले. सुळ्याने गाणं अर्ध्यात सोडलं आणि त्यांना घेऊन घरी आला.

बाबा सगळं विसरत, हे मात्र विसरले नाहीत. सकाळी उठून म्हणाले, "ती पोरगी गेली रे." पोळीचा तुकडा मोडून हातात धरून बसले आणि खाली ठेवला. दुपारी तेच, रात्री तेच. सुळ्याने समजावलं, "बाबा, ती जिवंत आहे, थट्टा केली तिने." बाबा त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघत. "मी हात धरले होते तिचे. गार होते."

खाल्लं नाही तर पुन्हा हॉस्पिटल, म्हणून सुळ्याने शेवटी चेटकिणीला फोन केला. ती शाळेतून तशीच आली. पिवळा स्वेटर, बोटांना रंग, केसांत कुठल्याशा पोराने चिकटवलेला कागदी तारा. बाबांनी तिला आदराने बसायला सांगितलं.

"तुम्ही तिच्या कोण?" त्यांनी विचारलं.

चेटकिणीने सुळ्याकडे बघितलं. सुळ्याने भिंतीकडे बघितलं.

"बहीण," ती शेवटी म्हणाली.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि तिचे हात हातात घेतले. "फार गुणी हो तुमची बहीण. कुणाला दुखावून बोलली नाही कधी. मी कामावरून आलो की पाण्याचा पेला हातात द्यायची आणि मी पिऊन संपवेपर्यंत समोर उभी राहायची." ते थोडा वेळ आठवत राहिले. "हसताना तोंडावर हात धरायची."

चेटकीण म्हणाली, "मी... म्हणजे ती कुठे..." आणि तिने सुळ्याकडे वळून पाहिलं. तो तिथे नव्हता. तो स्वयंपाकघरात ओट्याची कड धरून उभा होता.

बाबा आईसाठीच रडत होते. इतके दिवस ज्या एका गोष्टीसाठी सुळ्या आसुसला होता ती बाहेरच्या खोलीत चालली होती, फक्त ती भलत्याच मुलीच्या नावावर आणि भलत्याच माणसाजवळ. आता गेलं पाहिजे, आता सांगितलं पाहिजे, असं वाटून तो बाहेर आला. "बाबा, ती..." त्याने सुरुवात केली. बाबांनी वर पाहिलं. कपाळावरची टाक्यांची खूण दिव्यात चमकत होती.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"काही नाही. चहा ठेवू का?"

चेटकिणीला सोडायला तो जिन्यापर्यंत गेला. तिचे डोळे सुजले होते. "सॉरी रे," ती म्हणाली. "माझी जीभ झडो. पण एक सांगू? सांगून टाक त्यांना. एकदाच."

"एकदाच सांगता येत नाही ना गं," सुळ्या म्हणाला. "दर वेळी पहिल्यांदाच सांगावं लागतं."

चार दिवसांनी बाबा ते दुःखही विसरले. सकाळी व्यवस्थित जेवले, बोटं चाटली, आणि म्हणाले, "तुझी आई अजून आली नाही? ताईकडे जाऊन बसली की हलायचं नाव नाही." सुळ्याला एकदम राग आला. कुणावर, ते त्याला कळेना. बाबांवर रागावणं म्हणजे भिंतीवर रागावणं. त्याने ताट उचललं, घासायला घेतलं आणि स्वच्छ झाल्यावरही घासत राहिला. संध्याकाळी ताईने फोनवर एका वृद्धाश्रमाचं नाव सांगितलं. चांगलं आहे, म्हणाली, बाग आहे. सुळ्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जागा रिकामी झाली की ते लोक कळवणार होते.

पुढच्या महिन्याच्या शनिवारी त्याने बाबांना पुन्हा नेलं. नेऊ नये असं त्याला वाटत होतं, पण घरी एकटं ठेवणार कसं? तळघरातली मंडळी या वेळी सावरून होती. चेटकीण हातमोजे घालून आली होती आणि लांब, बारच्या टोकाला उभी होती. बाबा मफलर गुंडाळून खुर्चीत बसले. सुळ्याने एक लांबलचक गाणं लावलं, ज्यात बराच वेळ नुसता ड्रम आणि बास चालतो. पुढचं गाणं काढून ठेवलं, हेडफोन मानेवर सरकवला. बाबांनी त्याची बाही ओढली.

"कोण गेलं?"

'कुणी नाही' हे त्याच्या ओठांवर आलंच होतं. इतक्या वेळा म्हटलेलं, घासून गुळगुळीत झालेलं. पण त्या दिवशी त्याच्याच्याने ते बाहेर काढवेना. दमला होता तो. कपाळावरची खूण त्याला दिसत होती, डॉक्टरांचे शब्द आठवत होते, आणि तरी तो म्हणाला, "आई गेली."

बोलल्यावर त्याने दोन्ही हात पुढे धरले, बाबा कोसळले तर सावरायला.

बाबा कोसळले नाहीत. ते खुर्चीतून हळूहळू उठले, मफलर नीट केला आणि सुळ्याचे ते पुढे आलेले दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "तुमची आई?" ते म्हणाले. "अरेरे. फार वाईट झालं हो."

तुमची. सुळ्या उभ्याउभ्या रडू लागला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं, नाकातोंडातून, आवाजासकट. लाजबीज काही राहिली नाही. गाणं मोठं होतं म्हणून बरं. बाबांनी हात सोडले नाहीत. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, परक्या माणसाचं दुःख बघून चांगल्या माणसाच्या डोळ्यांत येतं तेवढं.

"आजारी होत्या का?"

"नाही. झोपेतच गेली."

"पुण्यवान. मागे कोण आहे?"

"मी. ताई. आणि वडील."

"वडील आहेत!" बाबांचा आवाज कळवळला. "त्यांना सांगितलंत का?"

"सांगितलं होतं," सुळ्या म्हणाला. "त्यांच्या लक्षात राहत नाही."

बाबा बराच वेळ मान हलवत राहिले. गाणं संपत आलं होतं, एकेक वाद्य गळत चाललं होतं. नाचणारे पुढच्या गाण्याच्या आशेने टेबलाकडे बघू लागले. सुळ्याने तिकडे बघितलंही नाही.

"मग त्यांना एकटं टाकून तुम्ही इथे कसे आलात?" बाबा म्हणाले. रागाने नाही, समजुतीने. "गाणी काय, कुणीही लावेल. जा, त्यांच्यापाशी जाऊन बसा. या वयात बायको गेली म्हणजे काय, तुम्हाला कळायचं नाही."

गाणं थांबलं. तळघरात धुराच्या मशीनची घरघर तेवढी उरली. सुळ्याने बाबांना खुर्चीत बसवलं, टेबलाखालचं स्टूल ओढलं आणि तो त्यांच्या खुर्चीला स्टूल लावून बसला, गुडघ्याला गुडघा टेकवून.

बाबा संकोचले. त्यांनी त्याच्या हातावर हलकेच थोपटलं.

"माझ्यापाशी नव्हे हो," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांपाशी."